समुद्री टोळ्यांनी खरोखरच एवढी राज्ये बुडवली काय?

प्रश्न : तापीकाठ (चोपडा)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा इतिहासाचा अभ्यासवर्ग भरतो. पुढच्या वर्गात भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन संस्कृतींच्या उदयास्तावर बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. तयारी करताना एक शंका पडली आणि ती काही केल्या सुटत नाही, म्हणून जाणकारांपुढे ठेवतो.

इ.स.पू. १३०० च्या आसपास त्या समुद्राच्या पूर्व भागात मोठी भरभराट दिसते. ग्रीसमध्ये मायसिनी, टिरिन्स आणि पायलॉस येथे राजवाडे उभे आहेत, अनातोलियात म्हणजे आजच्या तुर्कस्तानात हिटाइटांचे साम्राज्य आहे, सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित हे गजबजलेले बंदर आहे, सायप्रस बेट सगळ्यांना तांबे पुरवते आहे आणि दक्षिणेला इजिप्तचा दरारा कायम आहे. हे राजे एकमेकांना पत्रांतून ‘भाऊ’ म्हणत, भेटी पाठवत, मुली देत. इजिप्त आणि हिटाइट यांची इ.स.पू. १२७४ च्या सुमारास कादेश येथे मोठी लढाई झाली खरी, पण पंधरा वर्षांनी त्यांनीच तह केला आणि तो दोन्हीकडे जपून ठेवला. एवढी लिहिती-वाचती, काटेकोर हिशेब ठेवणारी राज्ये इ.स.पू. ११५० पर्यंत, म्हणजे चार-पाच पिढ्यांच्या आत, एकतर नाहीशी झाली किंवा पार खिळखिळी झाली. मी वाचले तेथे बहुतेक ठिकाणी याचे कारण एका ओळीत उरकलेले आहे, ते असे की समुद्रमार्गे लुटारू टोळ्या आल्या आणि त्यांनी सगळे जाळून टाकले.

मला हे पटत नाही. हजारो रथांनिशी लढणारी साम्राज्ये होड्यांतून आलेल्या लोकांपुढे अशी कशी ढासळतील? आणि या टोळ्या आल्या कोठून, गेल्या कोठे? शिवाय ही पडझड आणि पुढे दीड हजार वर्षांनी झालेली रोमची पडझड यांत काही समान धागा आहे, की त्यांची गाठ बांधणे ही केवळ आपली हौस आहे? वर्गात तरुण मुले असतात आणि ती नेमके हेच विचारणार, याची मला खात्री आहे.

उत्तर : गिरणाथडी (चाळीसगाव)

तापीकाठ भाऊ, शंका रास्त आहे. टोळ्यांची ही सगळी कथा मुख्यतः एका भिंतीवरून आलेली आहे, तेव्हा आधी त्या भिंतीकडेच नीट पाहावे. नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सॉर शहरासमोर, मेदिनेत हाबू येथे इजिप्तचा फारो (राजा) तिसरा रामसेस याचे देवालय आहे. त्याच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. ११७७ च्या सुमाराचा एक लेख तेथे कोरला आहे. परक्या लोकांनी आपल्या बेटांवर कट रचला, त्यांच्या शस्त्रांपुढे खत्ती (हिटाइटांचा देश), कोदे, कार्केमिश (उत्तर सीरियाच्या सीमेवरील नगर), अर्झावा (पश्चिम अनातोलिया) आणि अलाशिया (सायप्रस) यांपैकी कोणताही देश टिकला नाही, मग ते इजिप्तवर चालून आले आणि फारोने त्यांना जमिनीवर व नदीच्या मुखांशी गाठून धुळीस मिळवले, असा त्याचा आशय आहे. पेलेसेट, त्जेकेर, शेकेलेश, देनयेन आणि वेशेश अशी पाच नावेही दिली आहेत.

आपल्याकडच्या राजप्रशस्ती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना असल्या मजकुराची चाल ठाऊक असते. शत्रू जितका भयंकर, तितका राजा थोर. म्हणून हा लेख शब्दशः घेण्यापूर्वी त्यातली एकेक नावे जमिनीवर तपासावी लागतात आणि तशी ती तपासली की फट दिसू लागते. कार्केमिश बुडाले असे फारो सांगतो, पण तेथे त्या काळच्या विध्वंसाचा पुरावा मिळत नाही. उलट हिटाइट राजघराण्याचीच एक शाखा तेथे पुढे राज्य करीत राहिली. हिटाइटांची राजधानी हत्तुशा जळाली हे खरे, परंतु उत्खननात असे दिसते की आग लागण्यापूर्वीच तेथील राजवाडा आणि मंदिरे बहुतांशी रिकामी करण्यात आली होती. दरबार आपले सामानसुमान घेऊन आधीच निघून गेला होता. शिवाय ही नगरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरी पठारावर आहे. तेथवर होडीवाले पोहोचले असे मानायला काहीच आधार नाही.

त्याच भिंतीवरची चित्रे मात्र मला लेखापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात. जमिनीवरील लढाईच्या देखाव्यात बैलगाड्या आहेत, भरीव चाकांच्या, आणि त्या गाड्यांत बायका आणि लहान मुले बसलेली आहेत. केवळ लुटीसाठी निघालेला माणूस कच्च्याबच्च्यांना गाडीत घालून रणांगणावर आणत नाही. हे लोक घरदार सोडून निघालेले होते, कोठे तरी वसायला जागा शोधत होते, आणि वाटेत लढतही होते.

ते गेले कोठे, या प्रश्नाला निदान एका गटापुरते चांगले उत्तर आहे. पेलेसेट म्हणजेच बायबलमधील फिलिस्टाइन. ते आजच्या इस्रायल-गाझाच्या किनाऱ्यावर वसले. त्यांच्या आश्कलोन या नगरातील घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या तान्ह्या मुलांच्या हाडांतील डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण युरोपकडचा अंश स्पष्ट सापडला आणि पुढे दोनेक शतकांत तो स्थानिकांत मिसळून जवळजवळ दिसेनासा झाला. आणखी एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. शेर्देन नावाचे असेच दर्यावर्दी लोक कादेशच्या लढाईत दुसऱ्या रामसेसच्या बाजूने, त्याच्याच सैन्यात लढले होते. म्हणजे इजिप्तला हे लोक पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, कधी चाचे म्हणून तर कधी पगारी शिपाई म्हणून. अचानक क्षितिजावर उगवलेले अज्ञात संकट ही कल्पना तेवढ्यानेच मोडते.

उत्तर : केळीबाग (रावेर)

गिरणाथडी सरांनी टोळ्यांचा हिशेब नीट मांडला आहे. पण मग राज्ये पडली कशाने, हा मूळ प्रश्न उरतोच. मी शेतकरी आहे, अभ्यासक नाही. तरी या विषयावर वाचताना माझे लक्ष राजांपेक्षा मालाकडे जाते.

त्या काळाची सारी ताकद कांशावर उभी होती आणि कांसे करायला ढोबळ मानाने नऊ-दहा भाग तांबे आणि एक भाग कथील लागते. तांबे सायप्रसमध्ये मुबलक होते. कथील मात्र दुर्मीळ, त्यातले बरेचसे मध्य आशियाच्या बाजूने, हजारो कोसांवरून येई. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळावर धातूच्या विचित्र आकाराच्या लाद्या दिसल्या. पुढे १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षे तेथे पाण्याखाली उत्खनन चालले. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेले ते मालवाहू जहाज होते. त्यात सुमारे १० टन तांबे आणि जवळपास १ टन कथील होते, म्हणजे कांशाला लागते त्याच प्रमाणात. त्याशिवाय निळ्या काचेच्या वड्या, आफ्रिकेतील काळे लाकूड, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात, राळेने भरलेले कनानी (आजच्या इस्रायल-लेबनॉन किनारपट्टीचे) रांजण, इजिप्तच्या राणी नेफरतितीचे नाव कोरलेला सोन्याचा भुंगा, आणि बिजागरीने जोडलेली, मेण भरून लिहायची एक लाकडी पाटी. एका जहाजाच्या पोटात इतक्या देशांचा माल असणे हे वैभवाचे लक्षण आहेच, पण ते नाजूकपणाचेही लक्षण आहे. यातले एक टोक तुटले की बाकीची सगळी लंगडी पडतात.

आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याने घरची दादर ज्वारी आणि तूर बंद करून सगळे रान केळीला दिले, त्याच्या हातात चांगल्या वर्षी शेजाऱ्यापेक्षा जास्त पैसा खेळतो; पण उत्तरेकडे जाणारी गाडी काही दिवस अडली की घड झाडावरच पिकतात आणि घरात दाणा मात्र विकत आणावा लागतो. मायसिनीकाळच्या राजवाड्यांनी आपल्या साऱ्या मुलखाची अशीच मांडणी करून ठेवली होती. पायलॉसच्या राजवाड्यातील मातीच्या पाट्यांवर कोणत्या गावाकडून किती जवस यायचे, किती लोकर कोणत्या बायकांना विणायला द्यायची, कोणत्या तांबटाला किती कांसे तोलून दिले, याची नोंद आहे. अशा सुमारे ४०० तांबटांची नोंद सापडते, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या नावापुढे माल दिलेला नाही अशी टीपही आहे. आणखी एका पाटीत देवळांकडील कांसे गोळा करून बाण-भाल्यांची टोके घडवण्याविषयी लिहिले आहे. देवाघरची भांडी वितळवण्याची वेळ ज्या राज्यावर येते त्याच्याकडे कथील वेळेवर पोहोचत नव्हते, असा माझा तरी अंदाज आहे. काही अभ्यासक मात्र ती पाटी नेहमीच्या कारभारातली मानतात.

आणि त्या पाट्या आपल्यापर्यंत आल्या कशा, तेही पाहण्यासारखे आहे. त्या भाजलेल्या नव्हत्या. कच्च्या मातीच्या होत्या आणि वर्षअखेर मोडून पुन्हा वापरायच्या होत्या. इ.स.पू. ११८० च्या सुमारास राजवाडा पेटला, तेलाच्या कोठारांनी आग भडकली आणि त्या आगीतच पाट्या पक्क्या भाजल्या गेल्या. त्यामुळे आपल्या हाती आहे तो त्या राज्याचा अगदी शेवटच्या वर्षाचा हिशेब. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये ती लिपी उलगडली, तेव्हा भाषा ग्रीक निघाली. त्यातल्या एका पाटीसंचाचा मथळा किनाऱ्यावर पहारा देणाऱ्यांविषयी आहे आणि कोणत्या ठिकाणी किती माणसे उभी केली त्याची यादी खाली दिली आहे. पहारा समुद्राकडेच होता, एवढे टोळ्यांच्या बाजूनेही म्हटले पाहिजे.

उत्तर : मातीचे थर (धुळे)

पुरातत्त्व हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने दोन मुद्द्यांची भर घालतो.

पहिला मुद्दा दुष्काळाचा. येथे अंदाजाची फारशी गरज उरलेली नाही. अनातोलियातील गॉर्डियन येथे एका मोठ्या राजसमाधीत जुनिपरचे ओंडके वापरले आहेत. झाड दरवर्षी एक वलय वाढवते आणि कोरड्या वर्षी ते वलय बारीक राहते. या ओंडक्यांच्या वलयांचा आणि त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून इ.स.पू. ११९८ ते ११९६ अशी लागोपाठ तीन वर्षे तीव्र अवर्षणाची होती असे दिसून आले. तारखेत दोन-तीन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतील इतकेच. हिटाइट काही गाफील नव्हते. त्यांनी धरणे बांधली होती, हत्तुशाला जमिनीखाली धान्याची प्रचंड पेवे होती. एक वर्ष, फार तर दोन वर्षे त्यावर काढता येतात. तिसऱ्या वर्षी बियाणेच खाल्ले जाते. दुसरीकडे गॅलिली सरोवराच्या तळातील गाळात अडकलेले परागकण पाहिले तर इ.स.पू. १२५० ते ११०० हा काळ तेथेही कोरडा दिसतो. म्हणजे कोरडेपणा एका पठारापुरता नव्हता.

याला लेखी दुजोरा आहे. इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाने आपण खत्तीचा देश जगवण्यासाठी जहाजांतून धान्य पाठवल्याचे नमूद केले आहे. उगारितमध्ये सापडलेल्या एका पत्रात हिटाइट दरबार धान्य वाहण्यासाठी एक मोठे जहाज खलाशांसह मागतो आणि हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे असे बजावतो. एकेकाळी इजिप्तला टक्कर देणारे साम्राज्य आपल्या मांडलिकाकडे दाण्यासाठी तगादा लावते आहे, यावरून काय ते समजावे.

उगारित हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत जवळून दिसणारे गाव आहे. १९२८ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला आणि पुढच्याच वर्षापासून तेथे क्लोद शेफर यांच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झाले. तेथील शेवटचा राजा अम्मुरापी. त्याने सायप्रसच्या राजाला लिहिलेल्या पत्राचा मजकूर असा की शत्रूची जहाजे आली, त्यांनी माझी गावे जाळली, माझे सगळे सैन्य खत्तीच्या देशात आहे, माझी सगळी जहाजे लुक्काच्या (आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्येकडील) किनाऱ्याला गेली आहेत, आणि मुलूख वाऱ्यावर पडला आहे. आलेल्या शत्रूच्या जहाजांची संख्या त्यात दिली आहे, ती फक्त सात. तापीकाठ भाऊ, तुमच्या मूळ शंकेचे उत्तर मला या पत्रात दिसते. सात जहाजांनी एखादे सशक्त राज्य बुडत नाही. पण ज्याचे सैन्य आणि आरमार दोन्ही धन्याच्या हाकेला दूर गेलेले आहे, आणि जो धनी स्वतःच भुकेने खंगलेला आहे, अशा राज्याला सात जहाजेही पुरेशी होतात. उगारित इ.स.पू. ११९० ते ११८५ च्या दरम्यान जळाले आणि ते नगर पुन्हा कधी उभे राहिले नाही.

हे पत्र भट्टीत भाजायला ठेवले असतानाच शहर पडले आणि ते पाठवायचे राहून गेले, अशी एक चित्तवेधक गोष्ट अजूनही सांगितली जाते. ती वर्गात सांगू नका. त्या जागी भट्टी नव्हती, हे नंतरच्या तपासणीत दाखवून देण्यात आले आहे.

प्रश्नकर्ता : तापीकाठ (चोपडा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मग इजिप्त का वाचला? दुष्काळ, तुटलेला व्यापार आणि टोळ्या हे तिन्ही त्याच्याही वाट्याला आले होते. आणि रोमविषयी कोणी अजून बोलले नाही.

उत्तर : गिरणाथडी (चाळीसगाव)

इजिप्तचे पाणी वेगळे आहे. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तोच तेथे हटला होता. नाईलला पूर येई तो इथिओपियाच्या उंच प्रदेशात पावसाळ्यात पडणाऱ्या पावसामुळे. त्यामुळे उत्तरेत टंचाई असताना इजिप्तला काही काळ धान्य विकता आणि वाटताही आले.

तरीही तो वाचला असे सरसकट म्हणायला माझे मन घेत नाही. तिसऱ्या रामसेसच्याच कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी राजांच्या थडग्यांवर काम करणारे, देर अल-मदीना या वस्तीतील कारागीर ठरलेले धान्य वेळेवर मिळेना म्हणून हत्यारे खाली ठेवून बाहेर पडले आणि देवालयाच्या आवारात जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने येथवर आलो आहोत, फारोला कळवा, असे त्यांनी सांगितल्याचे पपायरसवर नोंदलेले आहे. नोंद असलेला जगातील हा पहिला संप मानतात. ज्या राजाने भिंतभर विजय कोरून घेतला त्याला स्वतःच्या थडग्याच्या कारागिरांचे धान्य पुरवता येत नव्हते. पुढे त्याच्या जनानखान्यात कट शिजला. त्याच्या ममीचे स्कॅन करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा गळा खोलवर कापलेला आढळला. कनानवरील ताबा लवकरच सुटला आणि इ.स.पू. १०७० च्या सुमारास इजिप्तच्या इतिहासातला ‘नवे राज्य’ म्हणून ओळखला जाणारा हा कालखंडही संपला. इजिप्त उरला, पण साम्राज्य म्हणून नव्हे.

उत्तर : पानसुपारी (अमळनेर)

रोमविषयी मी थोडे लिहिते. सर्वसाधारणपणे इ.स. ४७६ हे वर्ष सांगितले जाते, त्या वर्षी ओडोएकर या जर्मानिक सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले. मला मात्र हे वर्ष सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे वाटते. व्यवहार केव्हाच होऊन गेलेला असतो, कागदावर नाव नंतर चढते. खरा घाव इ.स. ४३९ चा.

रोम शहराचे पोट त्याच्या भोवतालच्या शेतीवर कधीच भरत नव्हते. सम्राट ऑगस्टसच्या काळात फुकट धान्य मिळणाऱ्यांची संख्याच दोन लाखांवर आणून ठेवावी लागली होती, यावरून शहराचा आकार कळतो. हे धान्य इजिप्तमधून आणि उत्तर आफ्रिकेतून येई. ज्या कार्थेजला रोमने इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केले, तेच पुढे पुन्हा वसवले जाऊन रोमचे धान्याचे कोठार बनले, हा इतिहासाने उगवलेला सूड म्हणावा लागेल. इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी झाल्यावर इजिप्तचे धान्य तिकडे वळले आणि पश्चिमेची सारी भिस्त आफ्रिकेवर आली. वँडल हे जर्मानिक लोक आपला राजा गायसेरिक याच्या नेतृत्वाखाली इ.स. ४२९ मध्ये स्पेनमधून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेत उतरले आणि दहा वर्षांनी त्यांनी कार्थेज घेतले. धान्य गेले आणि त्याबरोबर महसूलही गेला. महसूल गेल्यावर सैन्याचा पगार द्यायचा कशातून? इ.स. ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडच्या सम्राटांनी मिळून आफ्रिका परत घेण्यासाठी प्रचंड आरमार पाठवले, तेव्हा वँडलांनी पेटत्या होड्या वाऱ्यावर सोडून ते जाळले. त्यानंतर आठ वर्षांनी ओडोएकरने जे केले त्याला विशेष धाडस लागले नसावे.

तेव्हा तापीकाठ दादा, समान धागा आहे असे मी म्हणेन. दोन्ही वेळा शत्रूपेक्षा लांबून येणारा दाणा महत्त्वाचा ठरला.

उत्तर : केळीबाग (रावेर)

ताई, विवेचन आवडले, पण निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. कॉन्स्टँटिनोपलच्या बाबतीत हाच नियम लावून पाहा. इराणी फौजांनी इजिप्त घेतल्यामुळे इ.स. ६१८ च्या सुमारास तेथील फुकट भाकरी बंद करावी लागली आणि पुढे अरबांनी इजिप्त कायमचाच घेतला. राजधानीची लोकसंख्या फार घटली, राज्य आकसले, पण बुडाले नाही. ते १४५३ पर्यंत, म्हणजे आणखी आठशेहून अधिक वर्षे चालले. म्हणजे लांबचा दाणा तुटणे हे दुखणे खरे, परंतु ते जिवावर बेतेलच असे नाही. कॉन्स्टँटिनोपलने सैनिकांना रोख पगाराऐवजी जमिनीकडे वळवले, खर्चाला कात्री लावली आणि तट मजबूत ठेवला. पायलॉसला तर तटही नव्हता.

उत्तर : गोमाईसंगम (नंदुरबार)

चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते. आमच्याकडे तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनन झाले आणि गिरणाथडी सरांकडे गिरणेकाठी बहाळ येथेही. दोन्हीकडे ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्याच युगातील जोर्वे संस्कृतीची तापी, गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक गावे इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली असे वाचले आहे आणि त्याचेही कारण पावसाचे मान घटणे हेच देतात. मग ही एकच जागतिक आपत्ती मानावी काय?

उत्तर : मातीचे थर (धुळे)

तसे मानू नये. एक तर दोन्हींत दीड-दोनशे वर्षांचे अंतर पडते. दुसरे म्हणजे तेथला पाऊस पश्चिमेकडून हिवाळ्यात येतो आणि आपला मोसमी वाऱ्यांबरोबर जूनमध्ये. दोन्ही एकाच किल्लीने चालतात असे गृहीत धरता येत नाही. आणि मूळ फरक रचनेचा आहे. आपल्या जोर्वे गावांत राजवाडा नव्हता, लेखनिक नव्हता, परदेशी कथलावर चालणारी फौज नव्हती. त्यामुळे कोसळायला वर फारसे काही नव्हते. भीमा खोऱ्यातील इनामगाव पाहा: तेथे वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली, फक्त चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा गुरांवर आणि शिकारीवर भर वाढला. गाव गरीब झाले आणि चालत राहिले.

ग्रीसमध्ये मात्र वरचा मजलाच गेला. राजवाड्याच्या हिशेबापुरतीच लिपी वापरात होती, म्हणून राजवाड्याबरोबर लिहिणेही संपले आणि सुमारे चारशे वर्षे ग्रीकांनी काहीही लिहिलेले सापडत नाही. या काळाला ‘अंधारयुग’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. युबिया बेटावर लेफकांदी येथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस इ.स.पू. ९५० च्या सुमाराची एक इमारत उघडकीस आली, लांबी जवळपास ५० मीटर. तिच्या जमिनीखाली दोन खड्डे होते. एकात पुरुषाच्या अस्थी एका कांशाच्या भांड्यात, कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ते भांडे सायप्रसच्या घडणीचे आणि पुरले तेव्हाच शे-दोनशे वर्षे जुने होते. शेजारी सोन्याचे दागिने घातलेली एक स्त्री होती. दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे होते. राजवाडे पडून दोनशे वर्षे झाल्यावरही कोणाकडे तरी सायप्रसचा वारसा होता, सोने होते, आणि तेवढ्या लांबीचे छत उभे करणारे सुतार होते.

आणि समुद्रही रिकामा पडला नव्हता. मोठी राज्ये गेल्यावर टायर, सिडॉन, बिब्लॉस या फिनिशियन बंदरांवरचा जकातीचा आणि हुकमाचा जाच उरला नाही. बिब्लॉसच्या राजाकडे देवदाराचे लाकूड मागायला गेलेल्या वेनामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याची एक कथा पपायरसवर आहे. तो राजा त्याला बंदरात ताटकळत ठेवतो आणि पैसे मोजल्याशिवाय लाकूड मिळणार नाही असे सुनावतो. शंभर वर्षांपूर्वी फारोच्या माणसाशी असे बोलण्याची कोणाची छाती नव्हती. याच फिनिशियन व्यापाऱ्यांनी परंपरेनुसार इ.स.पू. ८१४ मध्ये कार्थेज वसवले, आणि त्यांचीच बावीस अक्षरांची लिपी ग्रीकांनी इ.स.पू. ८०० च्या आसपास उचलली. त्यांनी त्यातली काही निरुपयोगी अक्षरे स्वरांसाठी वापरली. या लिपीला लेखनिकांची शाळा लागत नव्हती. ग्रीकांच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक अथेन्समधील मद्याच्या सुरईवर आहे आणि जो नर्तक सर्वांत छान नाचेल त्याला ही सुरई, असा त्याचा अर्थ लागतो. त्यात ना तांबटांची यादी आहे, ना जवसाचा हिशेब.